गंज एक नग

माझ्या नणंदेला आमची वस्ती चकचकबाई म्हणायची. हल्ली जे म्हणते ते मी तोंडातून काढणार नाही. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे गेली एकोणीस वर्षं, आमचं दोघींचं भांड्यांवरून वाजत आलंय. तरी त्यांच्याबद्दल बाहेरच्या कुणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. म्हणून आज सगळं सांगायला बसलेय, आणि मधे कुणी 'पण तरीसुद्धा' म्हणायचं नाही.

त्यांची आई गेली तेव्हा वन्सं सोळा वर्षांच्या होत्या आणि माझा नवरा सहा. धाकट्या भावाला वाढवायचं म्हणून त्या मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागल्या, आणि पुढची पस्तीस वर्षं त्याच मोरीपाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या लग्नाचं कुणी काढलं नाही, त्यांनीही कुणाला आठवण करून दिली नाही. भावाला शिकवून मोठा साहेब करायचं त्यांच्या मनात होतं. तो साहेब काही झाला नाही, गवंडी झाला. पण असा गवंडी की भिंतीला ओळंबा लावला की दोरी आणि भिंत यांत कागद सरकत नाही. वन्सं ज्याला त्याला ती भिंत दाखवायला न्यायच्या.

आणि घासणं! आई गं. त्यांनी घासलेल्या ताटात तोंड बघून भांग पाडावा. लोखंडाची वस्तू तर घासायची, कोरडी पुसायची, वर तेलाचा हात फिरवायचा आणि मगच फळीवर ठेवायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी एक लोखंडी सुरी ओली ठेवली होती. तिच्यावर डाग पडला. तो डाग त्या मला अजून ऐकवतात. "लोखंड ओलं ठेवणारी बाई संसार काय कोरडा ठेवणार," असं म्हणाल्या होत्या. त्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही, पण राग मात्र तेव्हाच आला होता.

तर पाण्याचं. आमच्या वस्तीत साठ घरं आणि एक बोअर. पाणी काचेसारखं, थंडगार, चवीला गोड. त्यात सोमल आहे असं तपासणीवाले सांगून गेले तेव्हा कुणाला खरंच वाटेना. सोमल म्हणजे विष, आता आर्सेनिक म्हणतात ते. ना त्याला वास, ना रंग, आणि उकळलं तरी जात नाही. हळूहळू अंगावर काळे ठिपके येतात, तळहात-तळपाय घट्ट्यांनी भरतात, आणि पुढे काय काय होतं ते मला आता चांगलंच माहीत आहे.

मग पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाने यंत्र पाठवलं. यंत्र कसलं, माणूस उभा मावेल असे दोन निळे ड्रम, एकावर एक. वरच्यात जाळीच्या टोपल्यांमधे लोखंडी खिळे आणि विटांचे तुकडे, खालच्यात वाळू, तळाला नळ. बोअरचं पाणी वरून सोडायचं, खालून पिण्याचं घ्यायचं. घरटी रोज एक कॅन. वन्सं नुकत्याच दवाखान्याच्या नोकरीतून सुटल्या होत्या, घरात बसून माझ्या भांड्यांना छळत होत्या. त्यांना यंत्रचालक नेमलं. कागदावर 'यंत्रचालक' असं लिहिलेलं त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. मीही तीनदा ऐकलं, म्हटलं सुटले एकदाची.

यंत्र बसवलं त्या दिवशी फोटोच फार झाले. ज्या फिटरने ते जोडलं तो बिचारा घाईघाईत समजावत होता आणि त्याच्या पुढे उभे राहून चार मोठी माणसं हार घालून घेत होती. वन्सं त्यांच्या मागे, टाचा उंचावून ऐकत होत्या. फिटर म्हणाला, "सगळी करामत गंजाची आहे. गंजाला हात लावायचा नाही." वन्संनी मान डोलावली. भिंतीवर पाटी लावली होती, पांढऱ्यावर निळी अक्षरं:

यंत्राचे सर्व भाग स्वच्छ ठेवावेत.
गंज काढू नये.
तक्रारीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा.

खाली फोन नंबर, त्यात एक आकडा कमी. यंत्राबरोबर जी पावती आली तिच्यावर वन्संनी सही केली होती. तिच्यात लिहिलं होतं: ड्रम दोन, झाकण दोन, टोपली चार, नळ एक, गंज एक नग. आणि गंज, म्हणजे मोठं पातेलं, आलाच होता, चांगला वीस लीटरचा, जाड बुडाचा, नळाखाली ठेवायला.

आता मला सांगा, ज्या बाईने जन्मभर दवाखान्यातले गंज घासले, दुधाचा गंज, भाताचा गंज, तिने 'गंज काढू नये' वाचलं तर तिला काय कळणार? जे मला कळलं तेच. जे साठ घरांना कळलं तेच. नळाखालचं भांडं हलवायचं नाही!

वन्संनी दुसऱ्याच दिवशी साखळी आणि कुलूप आणलं. गंजाच्या कानाला साखळी, साखळी नळाच्या खांबाला, किल्ली स्वतःच्या कमरेला. इस्त्रीवाल्याकडे पाहुणे आले म्हणून त्याने एका दिवसापुरता गंज मागितला, तर त्याला पाटीसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावलं. "वाचता येतं ना? मग मागायला लाज कशी वाटली नाही?" तो महिनाभर आमच्या घरावरून मान वळवून जात होता.

आणि दर शनिवारी त्या टोपल्या उतरवायच्या. सर्व भाग स्वच्छ ठेवावेत म्हटलंय ना, मग खिळे तांबडे होऊन पडलेत हे त्यांना बघवेल? लिंबू, राख, काथ्या. एकेक खिळा घासून पुसून, वर तेलाच्या फडक्याचा हात. मग त्या पहिल्या दोन बादल्या ओतून द्यायच्या, तवंग गेला की नळ उघडायचा. पहिला कॅन भावाचा. "आधी माझ्या भावाला," असं म्हणून स्वतः आमच्या दारात आणून ठेवायच्या. मी चिडवायचे, "वन्सं, खिळ्यांना काजळ-पावडरही करा आता." त्या म्हणायच्या, "तुला शिकायचं असेल तर ये शनिवारी."

दोन वर्षं हे चाललं. दोन वर्षांत कार्यालयातून तीन वेळा साहेब येऊन गेले. तिघांनी झाकण उघडून खिळे पाहिले. तिघांनी साखळीही पाहिली. एकाने तरी विचारावं, बाई, भांडं का बांधून घातलंय? एकाने तरी म्हणावं, हे खिळे चमकतायत कसे? नाही! शेवटच्याने वहीत शेरा मारला, 'अत्यंत स्वच्छ, अनुकरणीय', आणि वन्संच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. पाणी दर महिन्याला तपासायचं असतं. तपासायची पेटी कार्यालयाच्या कपाटात होती, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो बदलून गेला होता, आणि त्याच्याकडून ती मागवून घ्यावी असं दोन वर्षांत एकाही शहाण्याला वाटलं नाही. हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझ्या नवऱ्याच्या तळहाताला घट्टे होते. गवंड्याचे हात, त्यात नवल काय, असंच आम्ही समजत होतो. मग तळपायालाही आले. मग उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि त्याच्या शेजारच्या बोटावर जखमा झाल्या, त्या चार महिने बऱ्या होईनात. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?"

"यंत्राचं," मी म्हटलं. "माझी नणंदच चालवते."

"मग ते एकदा तपासून आणा."

मी दोन बाटल्या नेल्या, एक बोअरची, एक यंत्राची. प्रयोगशाळेतल्या मुलीने आकडे दाखवले. दोन्हींत सोमल सारखाच. तिने मला विचारलं, "चुकून एकच पाणी दोनदा भरलंत का?"

मी कुठून कुठून शोधून त्या फिटरला धरून आणला. त्याने वरचं झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"गंज कुठे गेला?"

"कुठे जाणार? हा काय!" वन्संनी साखळीला हिसका देऊन दाखवला. "दोन वर्षांत तसूभर हलू दिला नाही."

"मावशी, हा नाही. खिळ्यांवरचा."

"खिळ्यांवर गंज? माझ्या हाताखाली?" वन्संना ते चांगलंच लागलं. "दर शनिवारी घासते मी. वर तेलाचा हात देते. एक डाग दाखव, हे काम सोडते."

फिटर त्या ओल्या ओट्यावरच बसला. मग त्याने सांगितलं, अगदी हळू, पोराला सांगावं तसं. "मावशी, सोमल गंजाला चिकटतो. खिळे गंजावेत म्हणूनच घातलेत. तो तांबडा थर पाण्याबरोबर वाळूत उतरतो आणि सोमलाला तिथेच धरून ठेवतो. गंज नसला तर पाणी वरून खाली येतं, एवढंच. मी तुम्हाला बोललो होतो ना, गंजाला हात लावायचा नाही म्हणून."

"मग लावला का मी?" वन्सं म्हणाल्या. आणि मग त्यांना कळलं. मी समोरच होते. त्यांनी आधी पाटीकडे बघितलं, मग गंजाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. "पहिला कॅन मी त्याला द्यायची," एवढंच बोलल्या.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला राग आला तो वन्संचाच. घरी येऊन मी त्यांना नको ते बोलले. तुमच्या घासण्याने माझ्या नवऱ्याचा हात खाल्ला, असंही बोलले. नवरा आतून ओरडला, "ताईला बोलायचं नाही!" एकोणीस वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदाच ओरडला. पुढच्याच आठवड्यात त्याची दोन्ही बोटं काढावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी पाणी बदललं असतं तर ही वेळ बहुधा आली नसती. ज्या अंगठ्याने तो थापी धरायचा तो अंगठा गेला.

मग कार्यालयाला जाग आली. म्हणजे आम्ही प्रयोगशाळेचा कागद टेबलावर आपटला तेव्हा आली. साहेबांनी वन्संना बोलावून घेतलं, सोबत मी गेले. खोलीत पंखा होता, गार पाण्याची विकत आणलेली बाटली होती, आणि टेबलावर आधीच टाइप केलेला कागद होता. 'यंत्रचालकाच्या निष्काळजीपणामुळे यंत्र निकामी झाले.' खाली सहीची जागा.

"घाबरू नका," साहेब गोड आवाजात म्हणाले. "तुम्हाला काढणार नाही. तोंडी समज देऊन मिटवू. सही केलीत की आठ दिवसांत नवे खिळे, नवी वाळू. नाही केलीत तर चौकशी, आणि चौकशी होईपर्यंत यंत्राला सील. साठ घरांचा प्रश्न आहे, विचार करा."

वन्सं बोट ठेवून वाचत होत्या. बोट एका शब्दावर अडलं.

"निष्काळजीपणा म्हणजे काळजी न घेणं ना?"

"हो."

"मग हे खोटं आहे."

"बाई, पाटीवर स्पष्ट लिहिलंय, गंज काढू नये. कुणालाही कळेल."

वन्संनी पिशवीतून ती जुनी पावती काढली. चार घड्या घालून ठेवलेली, एक डाग नाही. "ही तुमच्याच कार्यालयाची. हा तुमचाच शिक्का. वाचा. गंज एक नग. लोखंडावरचा गंज तुम्ही नगावर देता का?"

साहेबांनी पावती वाचली. परत वाचली. मग चष्मा काढून ठेवला आणि खरं बोलले. "पाटी चुकली असं लिहिलं, तर अशा बेचाळीस पाट्या आहेत. बेचाळीस ठिकाणी माणसं पाठवावी लागतील."

"मग पाठवा की!" मी म्हटलं. "पगार कशाचा घेता?"

"वहिनी, तुम्ही बाहेर थांबा."

"मी तुमची वहिनी नाही!"

दोन दिवसांची मुदत घेऊन आम्ही उठलो. सील मात्र त्याच संध्याकाळी लागलं. आता पिण्याचं पाणी आणायला पलीकडच्या रस्त्यावरच्या टाकीपर्यंत पाऊण तास चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या दारात रीघ. इस्त्रीवाला, शिवणवाली, कोपऱ्यावरचा दुकानदार. "सही करून टाका की, तुमचं काय जातंय?" "तुमच्या हट्टापायी आम्ही पाण्याला हिंडायचं का?" एकाने तर म्हटलं, विष पाजलंत ते पाजलंत, आता मानही ताठ. मी झाडू घेऊन बाहेर आले. वन्संनी मला मागे ओढलं. "त्यांचंही खरं आहे," म्हणाल्या. "पण तिकडे बेचाळीस ठिकाणी आत्ता कुणीतरी घासत बसलं असेल. मी सही केली की ती पाटी कायमची खरी ठरते."

सगळ्यांत जवळचं तसलं यंत्र बसने दीड तासावर होतं. आम्ही दोघी निघालो. फिटरकडे स्वतःची एक तपासायची पेटी होती, तोही आला. वाटेत वन्सं तोंडातल्या तोंडात घोकत होत्या, तिथल्या माणसाला काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं. 'गंज' म्हणायचंच नाही, 'तांबडा थर' म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

तिथला चालक ड्रमच्या सावलीत बाकावर झोपला होता, तोंडावर टोपी. पाटीवर त्याने बनियन वाळत घातला होता. ड्रमच्या झाकणावर कोळ्यांची जाळी, वर कुठल्याशा पाखराचं घरटं. नळाखालच्या गंजाचा पत्ताच नव्हता, तो म्हणे त्याने घरी नेला. आम्ही साहेबांची माणसं असं समजून तो ताडकन उठला. "उद्या साफ करणारच होतो ताई, शपथेवर! दोन वर्षं जमलंच नाही, तब्येत बरी नसते." आणि समोरचा ब्रश उचलून तो ड्रमवर चढायला लागला.

"हात लावू नको!" वन्सं अशा किंचाळल्या की घरट्यातलं पाखरू उडालं.

फिटरने झाकण बाजूला केलं. खिळे कसले, तांबडा लगदा झाला होता, एकमेकांत गुंतलेला. हात घातला असता तर कोपरापर्यंत माखला असता. फिटरने नळाचं पाणी पेटीतल्या बाटलीत घेतलं, पुडी टाकली, पट्टी लावली. आम्ही सगळे बघत उभे. पट्टी पांढरीशुभ्र राहिली.

"एकदम शुद्ध," फिटर म्हणाला आणि आमच्याकडे न बघता पेटी आवरायला लागला.

तो बाकावरचा माणूस खूश झाला. "बघा! मी म्हणतच होतो, आपल्याकडे तक्रार नाही कुणाची." बाजूला त्याच्या दोन लेकी पाणी भरत होत्या, हातपाय कसे नितळ.

वन्सं त्याच्याच बाकावर बसल्या. आधी हसल्या. मग ते हसणं बिघडत गेलं आणि त्या इतक्या मोठ्याने रडल्या की पाणी भरणाऱ्या पोरी कॅन तिथेच टाकून मागे सरकल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनातल्या मनात त्या बाकावरच्या माणसाला, साहेबांना, पाटी रंगवणाऱ्याला शिव्या घालत होते. कुणाला किती घालाव्यात तेच कळत नव्हतं. निघताना वन्संनी डोळे पुसले आणि त्या माणसाला एवढंच म्हणाल्या, "जसा आहेस तसाच राहा रे बाबा."

दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. साहेबांनी तोच कागद पुढे सरकवला. वन्संनी पेन मागितलं. "शहाण्या आहात," साहेब म्हणाले. वन्संनी सहीच्या जागेवर सही केली नाही. टाइप केलेल्या ओळीखाली त्या लिहायला लागल्या. दवाखान्याच्या वहीत भांड्यांची यादी लिहायच्या ना, तशी एकेक अक्षर सुटं, मोठं, स्वच्छ. साहेब मान वाकडी करून वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. मग वन्संनी खाली पूर्ण नावाची सही केली आणि कागद त्यांच्याकडे वळवला.

"असा कागद वर पाठवता येत नाही," साहेब म्हणाले.

"न पाठवून बघा," वन्सं म्हणाल्या. "काल रात्रीच याच्या नकला लिहून ठेवल्यात मी. बेचाळीस."

कागदावर लिहिलं होतं, 'मी निष्काळजीपणा केला नाही. केला असता तर माझ्या भावाची बोटं आज हाताला असती.'